उशाचा गोटा

बसा, बसा. उठू नका. इथवर चढून आलेले सगळे इथेच बसतात, कारण या बाजूला वारा लागत नाही. पाण्याची बाटली काढा, बुटातला खडा झटका, दम खा. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की तुम्ही बसलाय तो दगड माझा आहे आणि मी बोलतेय.

मी दगडांची रास. लोक मला ढीग म्हणतात, ते मला आवडत नाही. ढीग कचऱ्याचा असतो, धुण्याचा असतो. तो कुणीही कसाही टाकावा. माझ्यातला एकेक दगड कुणीतरी दोन्ही हातांत धरून, हा चढ चढून इथे आणलाय. एवढ्या कष्टानंतर मला निदान रास तरी म्हणा.

या पठारावर आम्ही तिघी होतो. थोरली त्या उंचवट्यावर बसली आहे. तिच्या डोक्यावर मोजणीवाल्यांनी सिमेंटचा खांब रोवला, तेव्हापासून ती कुणाशी बोलत नाही. धाकटी समोरच्या उतरावर होती. तिथे गवत गोलाकार हिरवं दिसतं ना, तीच तिची जागा. तिला बांधांसाठी नेली, एक दगड मागे ठेवला नाही. मी मधली. मधल्या लेकीचं तुम्हाला ठाऊक असेलच, थोरलीचा मान नाही आणि धाकटीचे लाड नाहीत. पण मी टिकले.

माझा जन्म एका मुलीच्या मरणाने झाला. ती बारा वर्षांची असेल. ताप आला आणि चार दिवसांत गेली. तिचं नाव मला माहीत नाही, कारण ती हसत-बोलत होती तेव्हा मी नव्हतेच. ती गेली म्हणून मी झाले. हे असं होणं काही चांगलं नाही, पण जन्म कुणाला निवडता येतो?

त्या काळच्या माणसांची एक रीत होती. मेलेल्या माणसासाठी उचललेला दगड वाटेत जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला, तर तो सोडून खाली जायचं आणि दुसरा आणायचा. म्हणून शहाणी माणसं झेपेल एवढाच दगड उचलायची. मुलीची आई त्या दिवशी शहाणी नव्हती. खालच्या ओढ्यात तिची लेक ज्या गोट्यावर बसून पाण्यात पाय सोडायची, तोच गोटा तिने उचलला. चांगला मोठा, गुळगुळीत, करडा.

"ताई, दे इकडे. मी घेतो," तिचा भाऊ म्हणाला.

"माझं मी आणते."

"अगं, अर्ध्यात पडशील."

"पडले तर माझ्या अंगावर पडेल. जमिनीवर नाही पडायचा."

ती दमली की बसायची. बसताना गोटा मांडीवर घ्यायची, दोन्ही हातांनी धरायची, श्वास लागला की पुन्हा उठायची. सूर्य डोक्यावर असताना ती ओढ्याजवळून निघाली आणि सावल्या लांब झाल्या तेव्हा वर पोचली. बाकीचे सगळे थांबले होते. कुणी तिला लवकर चल म्हणालं नाही. मुलीला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवलं होतं. आईने गोटा तिच्या उशाशी ठेवला आणि मग बाकीच्यांनी आपापले दगड वर रचले. हे मला गोट्यानेच सांगितलं. तो माझा पहिला दगड. तो खोटं बोलत नाही, दगडांना तेवढी कल्पनाशक्ती नसते.

त्यानंतर ती आई कितीतरी वर्षं येत राहिली. मग तिला वर चढवेना. मग तिचा भाऊ यायचा, मग त्याची मुलं यायची. मग येणाऱ्यांना आत कोण आहे हे सांगता येईना. पुढे तर माणसंच बदलली. मेंढरं आली, मेंढपाळ आले. पावसात ते माझ्या आडोशाला बसायचे, भाकरतुकडा खायचे आणि जाताना एखादा दगड माझ्यावर ठेवायचे. का ठेवता म्हणून विचारलं असतं, तर त्यांना सांगता आलं नसतं. आधीच्याने ठेवला म्हणून आपणही ठेवायचा. माणसाच्या बऱ्याच चांगल्या सवयी अशाच चालतात.

माझं काम एकच होतं, मुलीला सांभाळायचं. ते मी केलं. थंडी तिच्यापर्यंत पोचू दिली नाही, कोल्ह्याचा पंजा पोचू दिला नाही. हजारो वर्षं एकाच लेकराला कुशीत घेऊन बसायचं म्हणजे काय, ते तुमच्यातल्या आयांना विचारा. त्या म्हणतील, त्यात काय मोठंसं.

आणि मग तो गवंडी आला.

पठाराखाली वस्ती होती. तिथल्या कुरणांचे बांध घालायचं काम त्याच्याकडे होतं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून छातीएवढा उंच बांध. तुम्ही वर येताना ज्या बांधाच्या कडेने आलात तो त्याचाच. वस्तीवर त्याला मुका म्हणायचे. तो मुका नव्हता, पण बोलणं त्याला दगडापेक्षा जड जायचं. एकदा कुणाचातरी घाव चुकून त्याचा उजवा अंगठा चेचला गेला होता आणि तो पुन्हा कधी वाकला नाही. त्यामुळे बांधातल्या फटीत पाचर मारायची त्याची तऱ्हा वेगळी झाली. बाकीचे गवंडी पाचर आडवी बसवतात. याला आडवी धरताच यायची नाही, म्हणून तो डाव्या हाताने उभी सरकवायचा आणि वरून ठोकायचा. त्याच्या बांधात ठिकठिकाणी अशा उभ्या पाचरा दिसतात. इतर गवंडी हसायचे. म्हणायचे, "मुक्याच्या पाचरा बघा, शाळेत उभं राहायची शिक्षा झाल्यासारख्या."

हा माणूस पहिल्यांदा माझ्याकडे आला तो हातगाडी घेऊन. माझ्या दक्षिणेच्या कुशीतले चांगले चपटे दगड काढून घेऊन गेला. एक दिवस नाही, सलग आठवडाभर. मी त्याला नाही नाही ते बोलले. धाकटीचं काय झालं ते मी पाहिलं होतं, आता माझी पाळी आली म्हणून मुलीला घट्ट धरून बसले. पण तो थांबला. त्याचा बांध पुरा झाला होता.

त्याचं एक मात्र मला खटकेना. त्याच्या धंद्यातही नियम होता. उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही, हातात घेतला की बांधात त्याला जागा शोधायचीच. रोज दुपारी त्याची बायको डबा घेऊन वर यायची आणि जेवण झालं की फटीत भरायच्या कपच्या त्याच्या हातात द्यायची. तो नुसता हात मागे करायचा, हवी तेवढीच कपची ती त्यावर ठेवायची. दोघं तासन्‌तास असे काम करायचे. नवीन लग्न झालेलं होतं. इतकी कमी भांडणारी माणसं मी पाहिली नव्हती. अर्थात एकजण बोलतच नसेल तर भांडणार कसं, हाही भाग आहेच.

दोन वर्षांनी, पहिला बर्फ पडायच्या आधी, एके दिवशी भर दुपारी ती दोघं वर आली. धुकं इतकं होतं की थोरलीही दिसत नव्हती. बायकोच्या हातात कच्च्या लोकरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. ती थांबत, कण्हत चालत होती. बाळंत होऊन तिला तीनच दिवस झाले होते.

बाळ एक दिवस जगलं. वस्तीच्या दफनभूमीवर ते गेले तर राखणदाराने आधी नाव विचारलं. नाव ठेवलेलं नव्हतं. तो म्हणाला, वहीत नाव लिहिल्याशिवाय जागा देता येत नाही, बिननावाच्यांना कुंपणाबाहेर. कुंपणाबाहेर गाडीरस्ता होता.

"इथे एकटं पडेल हो ते," बायको म्हणाली. तिचे दात वाजत होते.

गवंड्याने माझ्या दगडांवर हात ठेवला. मग त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं बोलला. "एकटं नाही. आत कुणीतरी आहे. जुनं माणूस. त्याला एवढी वर्षं कुणी हलवलं नाही, आपल्याला कोण हलवतंय?"

ज्या कुशीतून त्याने दगड नेले होते तीच त्याने उघडली. हातभर लांब, वीतभर रुंद खोली बांधली. बायको बाळाला छातीशी धरून बसली होती आणि दुसऱ्या हाताने कपच्या देत होती. त्याने आयुष्यभर बांध घातले, पण तसं काम पुन्हा केलं नाही. एका दगडाची सांध दुसऱ्या दगडाच्या सांधीवर येऊ दिली नाही. बाळाला आत ठेवल्यावर तोंडाशी मोठा दगड लावला, आणि कुणाला नवं काम ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या दगडांची शेवाळलेली बाजू बाहेर ठेवली. शेवटी एक फट राहिली. त्याने हात मागे केला. बायकोने पाचर दिली. ती त्याने उभी सरकवली आणि ठोकली.

"पक्कं?" तिने विचारलं.

"पक्कं."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला आणि तीन हातगाड्या दगड माझ्यावर टाकून गेला. आधी नेलेले परत केले म्हणायचे. माझा राग तिथेच संपला. ज्या माणसाने आपलं लेकरू विश्वासाने माझ्या ओटीत घातलं, त्याच्यावर कसली रागावू? बारा वर्षांची एक आणि एका दिवसाचं एक, अशी दोन मुलं आता माझ्याकडे होती. मला आपलं वाटायचं, मुलगी बाळाला बघत असेल. या वयाच्या मुलींना बाळं सांभाळायची भारी हौस असते.

गवंड्याची बायको दरवर्षी त्याच दिवशी यायची, मुठीएवढा एक दगड घेऊन. दगड ठेवायची, शेजारी बसायची आणि घरचं सांगायची. "तुला बहीण झाली. नाक तुझ्यासारखंच आहे." पुढे कधीतरी, "बहीण शाळेत जायला लागली. रडत नाही, मीच रडले." पुढे, "बहिणीचं लग्न झालं. शहरात असते. तुझ्याबद्दल तिला सांगितलं नाही. कसं सांगायचं तेच कळत नाही." आणि एके वर्षी दगड ठेवला, पदराने पुसला. मग म्हणाली, "बाबा गेले." गवंडी स्वतः बोलायचा नाही. पण पठारावर काम असलं की दुपारचा डबा माझ्याकडे पाठ टेकूनच खायचा. ती पाठ आता येणार नव्हती.

असे सेहेचाळीस दगड झाले. ती म्हातारी झाली. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे शहरात गेली होती, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात खोदणारी मंडळी आली.

त्या मंडळींबद्दल मी वाईट बोलणार नाही. माझी पडझड होत होती, वर चढणारे लोक माझे दगड काढून खेळत होते, आत काय आहे ते नाहीसं व्हायच्या आत बघून घ्यावं असं त्यांना वाटलं. त्यांच्या प्रमुख एक बाई होत्या. उन्हाने रापलेला चेहरा, गुडघ्यांना बांधलेल्या गाद्या, कानावर पेन्सिल. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी माझ्याभोवती दोऱ्या ताणून चौकोन पाडले आणि एकेक दगड काढून, त्याला खडूने आकडा घालून, ओळीत मांडला. इतक्या हळुवार हाताने मला कुणी कधी उलगडलं नव्हतं. म्हणून तर जास्त दुखलं. दांडगाईने लुटणाऱ्याला निदान शिव्या देता येतात.

दक्षिणेच्या कुशीतली खोली त्यांना आधी सापडली. बाईंनी श्वासच रोखला. म्हणाल्या, "हे बांधकाम बघा! वरची रास नुसती रचलेली आहे आणि इथे बघा किती काळजी घेतलीय." मग त्यांना उभी पाचर दिसली. सगळे विद्यार्थी गोळा झाले. फोटो निघाले. "एकच दगड उभा, मुद्दाम उभा," बाई म्हणाल्या. "याला काहीतरी अर्थ आहे. त्या लोकांची श्रद्धा असणार. बाळ पुन्हा उभं राहावं म्हणून असेल."

मी काय बोलू? त्याचा अंगठा वाकत नव्हता हो, मला सांगायचं होतं. मुक्याने काम इतकं चोख केलं होतं, आपली खूण इतकी नीट पुसली होती, की त्याचं लेकरू चार हजार वर्षांचं झालं. चष्मा लावलेली एक विद्यार्थिनी म्हणालीही, "मॅडम, हाडं जरा ताजी वाटतात." बाई थबकल्या. पण म्हणाल्या, "आत पाणी गेलं नाही, कोरडी राहिली असतील. तपासणीत कळेलच."

मग त्या मध्यावर पोचल्या. माझ्या मुलीपर्यंत. तिला ऊन लागलं. मी एवढ्या वर्षांत तिला लागू दिलं नव्हतं. बाईंनी ब्रशने तिच्या कपाळावरची माती काढली, गोट्यावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हा वरचा नाही. खालच्या ओढ्यातला आहे. कुणीतरी एवढ्या लांबून आणलाय." हे त्यांनी बरोबर ओळखलं. मला क्षणभर वाटलं, या बाईंना सगळं कळतंय.

शेवटच्या दिवशी त्यांनी वस्तीतल्या लोकांना बघायला बोलावलं. माणसं आली, चहा प्यायली, पोरांनी दोऱ्यांवरून उड्या मारल्या. दुपारी काठी टेकत गवंड्याची बायको आली. लेक तिचा हात धरून होती आणि सारखी म्हणत होती, "आई, डॉक्टरांनी चढायचं नाही म्हणून सांगितलंय. बघण्यासारखं काय आहे त्यात?"

म्हातारी दोरी ओलांडून थेट दक्षिणेकडे आली. उघडी, रिकामी खोली तिने पाहिली. काठी हातातून पडली.

"इथलं कुठे आहे?"

बाई लगबगीने आल्या. "या आजी, दाखवते. पण दोरीच्या बाहेर उभ्या राहा हं." त्यांनी तबक आणलं. कापसावर, आकडे घातलेली, काडीएवढी हाडं. "हे एक तान्हं बाळ आहे. चार हजार वर्षांपूर्वीचं."

म्हातारीने तबकाकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं.

"चार हजार झाली होय? मला वाटतच होतं, फार दिवस झाले."

बाई हसल्या. मग म्हातारी म्हणाली, "हे माझं आहे."

"सगळ्यांचंच आहे आजी. आपल्या सगळ्यांचा ठेवा आहे हा."

"सगळ्यांचं नाही. माझं आहे. मी जन्म दिलाय."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, काय बोलतेस? ऊन लागलंय का तुला? मॅडम, माफ करा, ऑपरेशन झाल्यापासून—"

"तू गप्प बस. तुझ्या आधीचा आहे. तुझा दादा आहे तो."

एका पोराच्या हातातून चहाचा पेला सांडला. बाई अगदी मऊ आवाजात समजावायला लागल्या, की बांधकामाची पद्धत जुनी आहे, शेवाळ जुनं आहे, तो उभा दगड कसा विशेष आहे. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग बाईंना म्हणाली, "पोरी, माझ्याबरोबर चल जरा."

काठी न घेता ती उतराकडे निघाली. लेकीने धावत जाऊन तिला धरलं. शंभर पावलांवर बांध आहे, मला इथून स्पष्ट दिसतो. म्हातारीने बांधाला हात लावला आणि बोट दाखवलं. एक उभी पाचर. चार पावलं पुढे दुसरी. मग तिसरी. "त्यांचा अंगठा वाकायचा नाही," ती म्हणाली. "कपच्या मी द्यायची. इथे पण मी दिल्या, तिथे पण मीच दिली."

बाई बांधाच्या कडेने चालत गेल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. हातातल्या फोटोकडे बघत होत्या, बांधाकडे बघत होत्या. मग त्यांनी टोपी काढली आणि तिथेच गवतात बसल्या.

"आजी, मी चुकले."

"तुझी चूक नाही. त्यांनी केलंच होतं कुणाला कळू नये म्हणून. आता दे माझं मला."

पण आता ते बाईंच्याही हातात राहिलं नव्हतं. नोंद झाली होती, फोटो गेले होते, आणि आताच्या काळातलं हाड म्हटल्यावर पोलिसांना कळवावं लागणार होतं. बाईंनी ते सगळं सांगितलं. म्हातारीने एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"वर्ष लागेल कदाचित."

"लवकर कर. मला वाट बघायची सवय आहे, पण आता वर्षं मोजकी उरलीत."

संध्याकाळी गाडीत दोन डबे गेले. एक लांबट, एक लहान. विद्यार्थ्यांनी माझे दगड आकड्याबरहुकूम परत रचले. गोटाही त्यांनी जिथल्या तिथे ठेवला, कारण संग्रहालयाच्या कोठारात एवढा दगड ठेवायला जागा नव्हती. त्याच्याजवळ निजणारी मात्र गेली. दक्षिणेची खोली बाईंनी भरू दिली नाही. तिच्यावर ताडपत्री टाकली आणि चारी कोपऱ्यांना दगड ठेवले.

आठवड्याभराने पोलीस शिपाई धापा टाकत वर आला, जागा बघायला. म्हातारी त्याच्याआधीच येऊन बसली होती. "त्या वेळी नोंद का केली नाही?" त्याने वही उघडत विचारलं.

"करायला गेलो होतो. नाव विचारलं. नाव ठेवायला ते जगलं कुठे, दादा?"

त्याने पेन खिशाला लावलं. मग त्याने वही मिटली. जाताना इकडेतिकडे बघितलं आणि एक दगड माझ्यावर ठेवून गेला.

अकरा महिने मी रिकामी होते. तुम्ही म्हणाल, दगडांच्या राशीला काय कळतंय? घरातली मुलं बाहेर गेली की आई ताटं किती मांडते ते बघा. मला सवयीने वाटायचं, आता पाऊस येतोय, पोरीला नीट झाकू. आणि मग आठवायचं.

बर्फ वितळल्यावर बाई स्वतः डबा घेऊन आल्या. वस्तीपर्यंत गाडीतून आणि पुढे पायी. त्यांनी अकरा महिने कचेऱ्यांचे जिने झिजवले होते, हे लेक कुणाला तरी सांगत होती. वस्तीच्या टोकाला म्हातारीने डबा मागून घेतला.

"आजी, वरपर्यंत मी आणते ना. चढ आहे."

"माझं मी आणते."

हे शब्द मी पूर्वी गोट्याकडून ऐकले होते. गोटाही आत हलल्यासारखा वाटला. ती चढू लागली. दमली की बांधाला टेकून बसायची, डबा मांडीवर घ्यायची. लेक म्हणाली, "आई, क्षणभर खाली तरी ठेव." म्हातारी म्हणाली, "उचललेलं खाली ठेवत नाहीत." तिला ते तिच्या नवऱ्याच्या धंद्याने शिकवलं होतं. त्या पहिल्या आईबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं. मला रडता येत असतं तर मी त्या दिवशी रडले असते.

खोलीचं तोंड बंद करायला लेक बसली. म्हातारीच्या हातांत आता जोर नव्हता. ती नुसतं सांगत होती, "तो नको, त्याच्या शेजारचा. शेवाळ बाहेर." शेवटची फट राहिली तेव्हा लेकीने न बघता हात मागे केला. कुणी शिकवलं होतं तिला? म्हातारीने पाचर तिच्या हातावर ठेवली. लेक ती आडवी बसवायला लागली.

"उभी," म्हातारी म्हणाली.

ठोकून झाल्यावर लेकीने विचारलं, "पक्कं का गं?" म्हातारीने मान हलवली.

निघताना ती बाईंना म्हणाली, "आणि ती दुसरी? मोठी मुलगी होती ना आत?"

"ती संग्रहालयात राहील आजी. काचेत. फार नीट ठेवलंय."

"ती नाही का परत यायची?"

"तिला मागणारं कुणी नाही ना," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या दुसरीकडे बघत होत्या. "तिचं आता कोण असणार?"

मी होते ना! मी इथेच होते, त्यांच्या पायाखाली. म्हातारीसारखं मलाही म्हणायचं होतं, हे माझं आहे. पण मला दाखवायला पाचर नाही, सही करायला हात नाही. आणि तिच्या आईला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत, की तिची तर रासही कुठे उरली नसेल.

पुढच्या थंडीत म्हातारी गेली. तिला दफनभूमीत जागा मिळाली, तिचं नाव होतं. लेक आता दरवर्षी बाळाच्या दिवशी दगड घेऊन येते. पहिल्या वर्षी ती माझ्यापाशी बसून म्हणाली, "दादा, शहरात ती मुलगी बघून आले. तुझी सोबतीण." मी कान टवकारले. कान कुठले, पण तुम्हाला कळलं. ती म्हणाली, काचेच्या पेटीत डाव्या कुशीवर निजली आहे, गुडघे पोटाशी आहेत. शाळेची मुलं रांगेने जातात, नाक काचेला लावतात. खाली पाटी आहे, 'मुलगी, वय अंदाजे बारा, नाव अज्ञात'. डोक्याखाली पांढरा फोम दिला आहे.

फोम!

उन्हं कलली, आता तुम्ही निघाल. वाटलं तर एखादा दगड ठेवून जा, आणि तो खालूनच आणला असेल तर बरं. वाट उतरताना डाव्या हाताला बांध लागेल, उभ्या पाचरा दिसतील, त्यांना हात लावलात तर तो मुका गवंडी रागावणार नाही.

आणि एक काम करा माझं. कधी त्या शहरात गेलात आणि वेळ झाला, तर त्या काचेपाशी जा. गर्दी पांगू द्या. मग जरा वाका आणि तिला सांगा की तुझी जागा कुणाला दिलेली नाही. उशाचा गोटा तिथेच आहे. तुझ्या आईने तो ओढ्यापासून वरपर्यंत आणला आणि वाटेत एकदाही खाली ठेवला नाही, एवढं तिला नक्की सांगा.